बारा नंबरची वही

आमचे 108 गुण झाले, समोरच्या संघाचे 101. तरी करंडक त्यांनी नेला. 25-17, 23-25, 25-19, 22-25 आणि शेवटी 13-15. जपमाळेचे मणी पुरे झाले, पण देव काही भेटला नाही, असं मी मुलींचं मन हलकं करायला म्हणालो. कुणी हसलं नाही.

17 वर्षांखालच्या मुलींचा विभागीय शालेय व्हॉलीबॉलचा अंतिम सामना होता, नागपूरला मानकापूरच्या क्रीडा संकुलात. जिंकलो असतो तर राज्यस्तरावर गेलो असतो. आमचा संघ तालुका आणि जिल्हा सहज जिंकून आला होता. काटोलच्या आमच्या मैदानावर जाळीचे खांब सिमेंट भरलेल्या टायरात उभे आहेत, रेषा दर आठवड्याला फक्कीनं मारायच्या आणि पावसाळ्यात त्या रोज मारायच्या. तिथून निघून या मुली विभागाच्या अंतिम सामन्यात उभ्या होत्या, हे मी विसरायला नको होतं. त्या दिवशी मात्र विसरलो.

पाचवा सेट पंधराचा असतो. आम्ही 12-9 पुढे होतो. तीन गुण हवे होते. तिथून ओळीनं पाच गुण गेले. दोन्ही टाइम-आउट मी 12-12 होईपर्यंत संपवून बसलो होतो. प्रत्येकी तीस सेकंद. त्या तीस सेकंदांत सहा मुलींना मी किती सूचना केल्या असतील, ते मोजायची आज लाज वाटते. 12-14 झालं. मग आमच्या लिफ्टरनं एक सुरेख उंच चेंडू दिला, स्मॅश बसला, 13-14. सर्व्हिस आमची, आणि फिरून पाळी आली सात नंबरची.

शिट्टी झाल्यापासून सर्व्हिस करायला आठ सेकंद मिळतात. सात नंबरनं चेंडू दोनदा आपटला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पंजा उघडून दाखवला. पाच. म्हणजे त्यांच्या मागच्या फळीतला डावा कोपरा. तिथली मुलगी सकाळपासून पास वाकडे देत होती. सात नंबरनं समोर पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे. मी पुन्हा पाच दाखवले आणि ओरडलोही. बंद हॉलमध्ये ढोल वाजत होते, तिला काही ऐकू गेलं नसणार. तेवढ्यात तिला सेकंदांची आठवण झाली असावी. घाईनं हात फिरला, चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला लागला आणि आमच्याच बाजूला पडला.

हस्तांदोलन झालं. मुली रडत होत्या. सात नंबर रडत नव्हती, नुसती उभी होती. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "एवढंच टाकायचं होतं ना गं?"

ती म्हणाली, "हो सर."

व्हॉलीबॉल शिकवायला लागून मला पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत मी मुलांना पुष्कळ काही बोललो असेन. ते सगळं एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे.

मुली ट्रॅक्समध्ये बसल्या. जाळी, चेंडूंची पिशवी आणि मी यांच्यासाठी जागा उरली नाही, तेव्हा सात नंबरचे वडील म्हणाले, "सर, तुमी चाला माह्या गाडीत." पहाटे ते संत्रा घेऊन कळमन्याच्या बाजारात आले होते. माल उतरवून, पट्टी घेऊन, दुपारी सामना पाहायला आले. पिकअपच्या मागे रिकामे कॅरेट खडखडत होते. काटोल नाका गेला, फेटरी गेली. मी वाट पाहत होतो की हा माणूस आता पोरीच्या सर्व्हिसचा विषय काढेल. त्यांनी काढला तो संत्र्याचा.

"यंदा अर्धेच कॅरेट भरले, सर. त्यातबी बारकी चुरीच जास्त."

"काहून? पाऊस तर बरा झाला."

"पावसाचं नाही जी. घोळ झाला तो जानेवारीतच."

काटोलात राहून 'ताण' हा शब्द बागेच्या संदर्भात ऐकला नाही असा माणूस सापडायचा नाही. पण दूरच्या वाचकांसाठी सांगतो. संत्र्याचं झाड वाटेल तेव्हा फुलत नाही. आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत त्याचं पाणी तोडावं लागतं. यालाच ताण देणं म्हणतात. हलक्या, मुरमाड जमिनीत महिनाभर. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, म्हणून तिथं दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, बाग बघवत नाही. झाड या दिवसांत वाढ थांबवतं आणि आत काहीतरी साठवतं. मग ताण तोडायचा. तोही एकदम नाही. पहिलं पाणी हलकं, दुसरं त्याहून जरा जास्त. मग फूल येतं, आणि ते फळ दिवाळीच्या आसपास बाजारात जातं. काटोलला कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, तिथले लोक हे तारखा आणि आकड्यांत सांगतील. शेतकऱ्याला ते आपल्या जमिनीच्या अंदाजानं करावं लागतं.

"शेजाऱ्यानं ताण तोडला," ते सांगत होते. "त्याची जमीन मुरमाड. माही काळी. मले अजून पंधरा-वीस दिवस थांबाचं होतं. पण पानं अशी खाली लोंबली होती, सर, रोज सकाळी जाऊन पाहो त जीव कासावीस होये. मले पाह्यवलं नाही. देल्लं पाणी सोडून."

"मग?"

"मंग काय जी. आठ दिवसांत झाडं हिरवीगार. नवती फुटली. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून म्हणे, भाऊ, बाग काय मस्त दिसून रायली. दिसे मस्तच. फूलच नाही आलं."

कळमेश्वर मागे पडलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "गळ ऑगस्टात झाली त लोकं म्हणतात बुरशी आली, फवारा मारा. मारला. पण मले माहीत होतं ना."

काटोल येईपर्यंत त्यांनी पोरीचं नाव काढलं नाही. उतरताना मीच म्हणालो की तिला ओरडू नका. ते चकित होऊन म्हणाले, "मी कायले ओरडू? मले तुमच्या खेळातलं काय समजते?"

घरी आलो तर फोनवर अभिनंदनाचा पूर आला होता. उपविजेत्या मुलींचं हार्दिक अभिनंदन, फुलं, टाळ्या. आणि मधेच एका माजी खेळाडूचा आवाजी संदेश: सगळं बरोबर होतं सर, सात नंबरनं हातातली मॅच घालवली. मी उत्तर लिहायला घेतलं. खोडलं. त्याला काय म्हणून रागवायचं? त्यानं पाठीमागे म्हटलं ते मी तोंडावर म्हणालो होतो.

झोप येत नव्हती. अशा वेळी मी जुने सामने बघतो. त्या रात्री लावला तो 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकचा, महिलांचा उपांत्य सामना, ब्राझील आणि रशिया. ब्राझील दोन सेटला एक असं पुढे, चौथ्या सेटमध्ये 24-19. एक गुण मिळाला की अंतिम फेरी. तो एक गुण त्यांना मिळाला नाही. सेट 26-28 गेला, पाचवा 14-16 गेला, आणि नंतर कांस्यपदकही क्यूबानं नेलं. मारी नावाची 21 वर्षांची मुलगी होती. ब्राझीलकडून त्या सामन्यात सर्वांत जास्त गुण तिचेच. देशात खापर फुटलं तेही तिच्याच डोक्यावर, कारण शेवटाकडची चूक सगळ्यांच्या लक्षात राहते आणि आधीचे गुण वहीत राहतात. प्रशिक्षक झे रॉबर्टो गिमाराएस यांनी ना तिला सोडलं, ना संघ सोडला. 2008 ला बीजिंगमध्ये सुवर्ण मिळालं, संघात मारी होती. 2012 ला लंडनमध्ये पुन्हा रशियाच समोर, या वेळी उपांत्यपूर्व फेरीत. ब्राझीलनं सहा मॅच पॉइंट वाचवले आणि पाचवा सेट 21-19 जिंकला. पुढे सुवर्णही.

ही गोष्ट मी मुलींना अनेकदा सांगितली आहे, जिद्दीची गोष्ट म्हणून. भाषणात ती छान बसते. त्या रात्री मात्र दुसराच प्रश्न पडला. अथेन्सनंतर गिमाराएस यांनी मारीला काय सांगितलं असेल, हे मी नेहमी मनानं रंगवून सांगत आलो. त्यांनी काय सांगायचं टाळलं असेल, याचा विचार कधी केला नव्हता.

तेव्हा मला वाटलं, निदान त्या माजी खेळाडूला दाखवायला सात नंबरचे गुण मोजून ठेवावेत. म्हणून पिशवीतून बारा नंबरची वही काढली.

बारा नंबर ही आमची राखीव खेळाडू. उंची कमी, पाय जड. स्पर्धेत क्वचितच उतरते. पण अक्षर चांगलं, म्हणून मी तिला बाकावर वही घेऊन बसवतो. कुणाची सर्व्हिस कुठे पडली, कुणाचा पास लिफ्टरपर्यंत पोचला, कुणाचे स्मॅश बसले, सगळं ती खुणांनी लिहिते. बरोबर म्हणजे टिक, चूक म्हणजे फुली, चेंडू नुसता चालू राहिला तर आडवी रेघ. सात नंबरचे गुण मोजले, 27. आमच्यात सर्वांत जास्त तिचेच.

पण टिका आणि फुल्यांच्या वर काही ठिकाणी बारीक टिंबं होती. ही खूण मी तिला शिकवली नव्हती. पहिल्या सेटमध्ये तीन टिंबं. दुसऱ्यात सात. पाचव्यात आमच्या तेरा सर्व्हिस झाल्या, त्यांतल्या दहांवर टिंब. पूर्ण सामन्यात आमच्या चौदा सर्व्हिस फुकट गेल्या, त्यांतल्या अकरांवर टिंब. शेवटच्या फुलीवर दोन टिंबं होती, एकावर एक.

रविवारी सकाळी मी बारा नंबरच्या घरी गेलो. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. विचारलं, "हे टिंब कशाचं?"

ती आधी घाबरली. मग म्हणाली, "सर, सर्व्हिसच्या आधी कोणी तुमच्याकडे पाह्यलं की मी टिंब देते. मी अशीच ठेवली होती खूण. तुमी रागवान म्हणून सांगितलं नाही."

"कधीपासून?"

"जिल्ह्यापासून. तवा कमी होते."

मी आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवणारा माणूस नाही. या हिशेबातली मेख मला कळते. घाबरलेला खेळाडू बाकाकडे पाहतो, आणि घाबरलेल्याची सर्व्हिस तशीही चुकते. म्हणजे पाहिल्यामुळे चुकली असं सिद्ध होत नाही. पण घाबरल्यावर जाळीपलीकडे पाहायचं सोडून माझ्याकडे पाहायची सवय त्यांना लागली कुठून? आपल्या गावच्या मैदानावर माझा आवाज बस स्टँडपर्यंत जातो, असं पोरी गमतीनं म्हणतात. ते खरं आहे. तीन वर्षं प्रत्येक चेंडूला मी बोलत आलोय. मागे सर. आत सोड. पाचला टाक. मुली ऐकत आल्या आणि जिंकत आल्या. तालुका, जिल्हा. पाहणारे म्हणायचे, संघ काय शिस्तीचा आहे. दिसायचा शिस्तीचाच. त्या पिकअपमधलं वाक्य मला तेव्हा आठवलं, आणि वही बंद करून मी तिथंच पायरीवर बसलो. बारा नंबरच्या आईनं चहा आणून ठेवला, तो थंड होईपर्यंत बसून राहिलो.

सरावात मी त्यांना अवघड काही दिलं नव्हतं असं नाही. धावणं, उड्या, शंभर-शंभर सर्व्हिस, सगळं दिलं. शरीराला दमवलं. निर्णयाचं पाणी मात्र एक दिवसही तोडलं नाही. कुणी चुकणार असं दिसलं की त्याआधीच मी ओरडून उत्तर सांगायचो, कारण मलाच ते बघवायचं नाही. मानकापूरला ढोलांनी माझा आवाज बुडवला, तेव्हा पहिल्यांदा त्या एकट्या पडल्या. तेही 13-14 वर. पहिला ताण अंतिम सामन्यातच द्यायचा, असं कोणता बागाईतदार करेल?

सोमवारी संध्याकाळी सराव होता. बाकीच्या मुली जाळी बांधत होत्या. मी सात नंबरला बाजूला बोलावलं आणि सांगितलं की परवा जे बोललो ते चुकीचं बोललो. ती सर्व्हिस तुझी नव्हती, माझी होती.

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती कपाळाला आठी घालून म्हणाली, "नाही सर."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे मले पाचला टाकायचीच नव्हती. त्यांची दोन नंबरची मागे सरकली होती, पुढे जागा खाली होती. मले छोटी टाकायची होती."

"मग टाकली का नाही?"

"तुमी पाच दाखवले न." मग जरा थांबून, "मी दोनदा पाह्यलं तुमच्याकडे. मले वाटलं, तुमालेबी दिसलं असन."

मला दिसलं नव्हतं. मी बाकासमोर बाजूला उभा होतो आणि ती जाळीसमोर. तिथून जे दिसतं ते बाकासमोरून दिसत नाही. हे मी पंधरा वर्षं दुसऱ्यांना शिकवतो आहे.

त्या दिवसापासून सरावाची शेवटची वीस मिनिटं आम्ही वेगळी काढली. गुणफलक 13-14 वरून सुरू होतो. शिट्टी बारा नंबरकडे. मी मैदानाबाहेर, कडुलिंबाखाली, जाळीकडे पाठ करून बसतो. हे लिहायला सोपं आहे. पहिल्या दिवशी चेंडू जाळीत गेल्याचा आवाज आला तेव्हा मान आपोआप अर्धी वळली होती. मुठी आवळून बसलो. मागे आरडाओरडा, मग भांडण. लिबरो आणि लिफ्टर यांचं चांगलंच जुंपलं, चेंडू कुणाचा होता यावरून. तीन वर्षांत त्या दोघी मैदानावर एकमेकींशी कधी भांडल्या नव्हत्या, कारण चेंडू कुणाचा ते मीच सांगायचो. पाच मिनिटं मी ते भांडण पाठीनं ऐकलं. मग ते आपोआप मिटलं, कसं ते मला कळलं नाही. आठवडाभर संघ आधीपेक्षा वाईटच खेळत होता. एका पालकांनी येऊन विचारलंही, "सर, तब्येत बरी नाही का? बोलून नाही रायले."

सात नंबरचे वडील परवा बाजारात भेटले. झाडं उतरली होती, पाणी तोडायचे दिवस आले होते. म्हणाले, यंदा शेजाऱ्याच्या बागेकडे पाहणारच नाही, आपली जमीन आपणच उकरून बघणार. मी त्यांना वहीबद्दल काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.

वही अजून बारा नंबरच लिहिते. पहिल्या सोमवारच्या पानावर सात नंबरच्या नावापुढे नऊ सर्व्हिस आहेत. सहा जाळीत. तीन पलीकडे, त्या तिन्ही छोट्या. टिंबं दोन, दोन्ही पहिल्या पाच मिनिटांतली.